मॉरिशस ते रोड्रिग्ज : अंतर ५९८ किमी, पण वेळ नक्की किती धरायची?

केळशीकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आईबाबांना घेऊन मॉरिशसला जायचं जवळजवळ ठरलंय. मुंबईहून थेट विमान आहे, ४,७०० किमीच्या आसपास अंतर, सहा तासांचा प्रवास. तिथवर काही अडचण नाही. पण बाबांनी नकाशा मोठा करून बघताना मॉरिशसच्या उजव्या हाताला, भर समुद्रात, रोड्रिग्ज नावाचा ठिपका शोधला. देश मॉरिशसच, पण बेट वेगळं. आता त्यांना तिथे जायचंच आहे. आयुष्यभर त्यांनी बंदरखात्यात नोकरी केली, बेट म्हटलं की त्यांचा पाय घरात ठरत नाही.

गोंधळ असा की अंतर आणि वेळ सांगणाऱ्या साइट्सवर अंतर सगळीकडे ५९८ किमीच दिसतं, पण उड्डाणाची वेळ एकीकडे पाऊण तास, दुसरीकडे सव्वा तास, आणि प्रत्यक्ष तिकिटावर दीड तास. मुंबई-नागपूर हवाई अंतर ६८० किमीच्या घरात आहे, त्यालाही दीड तासच लागतो. मग इथे ८० किमी कमी असून वेळ तेवढाच का?

हे विचारण्यामागे कारण आहे. रोड्रिग्जहून दुपारी निघून त्याच रात्री मुंबईचं विमान पकडायचा विचार चाललाय, म्हणजे हॉटेलची एक रात्र वाचेल. पाऊण तास खरा की दीड तास, यावर ते अवलंबून आहे. आईबाबा दोघंही सत्तरीच्या पुढचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. जाणकारांनी सांगावं.

अभ्या_तळेगाव

वाचतोय. आम्ही डिसेंबर-जानेवारीत जायचं म्हणतोय, त्यामुळे हा धागा आमच्याही कामाचा. रुमाल टाकून ठेवतो.

तिसरा कोन

केळशीकर, माझी सगळी नोकरी दिशा-अंतराच्या गणितात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कागद-पेन्सिल घेऊन बसा, कारण हे गणित कोणालाही घरी करता येतं आणि एकदा केलं की कुठल्याही साइटवर अवलंबून राहावं लागत नाही.

मॉरिशसचा विमानतळ, म्हणजे आग्नेय टोकाजवळचा प्लेझाँस इथला सर शिवसागर रामगुलाम विमानतळ, २०.४३ अंश दक्षिण आणि ५७.६८ अंश पूर्व. रोड्रिग्जचा प्लेन कोराय विमानतळ १९.७६ दक्षिण, ६३.३६ पूर्व. अक्षांशांतला फरक ०.६७ अंश, रेखांशांतला ५.६८ अंश. आता अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, कुठेही गेलात तरी जवळपास तेवढाच. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून लांब जाल तसा आखडत जातो. वीस अंश दक्षिणेला तो ०.९३९ पट उरतो. म्हणून ५.६८ चे झाले ५.३३. आता काटकोन त्रिकोण मांडा : एक बाजू ०.६७, दुसरी ५.३३, कर्ण आला ५.३७ अंश. गुणिले ६०, म्हणजे ३२२ सागरी मैल. गुणिले १.८५२, म्हणजे ५९७ किमी. साइटवाले पृथ्वीचा गोलावा धरून करतात म्हणून ५९८ येतात. एवढ्या अंतरात दोन्ही पद्धतींत फरक पडत नाही.

म्हणजे अंतराबद्दल वाद नाही. वेळेचा घोळ वेगामुळे आहे. बहुतेक साइट्स कुठल्याही दोन विमानतळांमध्ये जेट विमान उडतंय असं गृहीत धरतात. ताशी साडेआठशे किमी धरले की ५९८ किमीला ४२ मिनिटं येतात, हा तुमचा पाऊण तास. त्यात टेकऑफ-लँडिंगचे म्हणून सरसकट अर्धा तास मिळवला की सव्वा तास. दोन्ही आकडे एकाच चुकीच्या गृहीतकातून आलेत, कारण या मार्गावर जेट उडत नाही. तिथे एटीआर ७२ आहे, पंख्यांचं विमान. त्याचा समुद्रावरचा वेग २७० नॉट धरा, म्हणजे ताशी ५०० किमी. ३२२ भागिले २७० म्हणजे ७२ मिनिटं. उंची गाठताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहाएक मिनिटं. दार लागल्यापासून धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं आणि उतरल्यावर थांब्यावर येणं, अजून आठ-दहा. झाला तुमचा दीड तास. तिकिटावरची वेळ नेहमी अशी दार लागण्यापासून दार उघडण्यापर्यंतची असते, निव्वळ हवेतली नव्हे. तिकिटाचाच आकडा खरा धरा.

नागपूरचं म्हणाल तर ते जेट आहे. हवेत तासाभरातच पोचतं, उरलेली मिनिटं मुंबईच्या रांगेत जातात.

स्वरदा

व्वा तिसरा कोन, माझ्या नववीतल्या मुलीला दाखवलं. तिने हीच रीत वापरून रत्नागिरी ते पोर्ट ब्लेअर काढलं. मी तिला सांगितलं की तेवढ्या लांबच्या अंतराला त्रिकोण पुरत नाही, गोलाव्याचं सूत्र लागतं. बरोबर ना?

एक शंका. जेट का नाही उडवत? मॉरिशसला तर मोठमोठी विमानं येतात.

तिसरा कोन

बरोबर सांगितलंत. पाच-सातशे किमीपर्यंत त्रिकोण चालतो, पुढे नाही. जेटचं उत्तर धावपट्टीत आहे. कात्र बोर्नच्या माई मॉरिशसमध्येच राहतात, त्यांनी सांगितलं तर जास्त बरं.

कात्र बोर्नची माई

आले आले. लग्न होऊन इथे आले त्याला आता बरीच वर्षं झाली, रोड्रिग्जला जाणंयेणंही होतं, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

प्लेन कोरायची धावपट्टी १,३०० मीटरपेक्षाही थोडी कमी आहे. तुमच्या सिंधुदुर्गातल्या चिपीची २,५०० मीटर आहे, म्हणजे जेमतेम अर्धी. आमच्या प्लेझाँसची तीन किलोमीटरहून लांब. १,३०० मीटरमध्ये एअरबस किंवा बोइंग उतरू शकत नाही, एटीआर आरामात उतरतं. मुळात रोड्रिग्ज हे ज्वालामुखीचं, डोंगराळ बेट. एकूण क्षेत्रफळ १०८ चौरस किमी आणि सपाट जागेची वानवा. नैऋत्य टोकाला प्रवाळी चुनखडीचं एक पठार आहे, त्यालाच प्लेन कोराय म्हणतात. विमानतळ तिथेच होऊ शकत होता.

एअर मॉरिशसची स्वतःची उड्डाणं १९७२ साली सुरू झाली तीच मुळी या मार्गावर, पायपर नवाहो या चिमुकल्या विमानाने. नंतर ट्विन ऑटर आलं. तिसरा कोन यांच्या रीतीने मांडून बघा, ताशी २८० किमीच्या वेगाने ट्विन ऑटरला दोन तासांच्या वर लागत असणार. त्याच्याही आधी फक्त बोट. पोर्ट लुईस बंदर पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे आधी अर्ध्या मॉरिशसला वळसा आणि मग ते सहाशे किमी. मॉरिशस त्रोशेतिया नावाचं जहाज २००१ पासून या मार्गावर आहे, त्याला साधारण दीड दिवस लागतो. आमच्या शेजारच्या आजी मूळच्या रोड्रिग्जच्या. त्या अजूनही गावी जायचं म्हटलं की ‘समुद्र कसा आहे?’ असंच आधी विचारतात, विमानाने जाणार असल्या तरी.

केळशीकर, बाबांना जरूर न्या. पण त्याच रात्री मुंबईचं विमान पकडायचा बेत मात्र मला अजिबात पसंत नाही. सविस्तर नंतर लिहिते, आता कुकर लावायचाय.

वारापाणी

तिसरा कोन यांच्या हिशोबात वारा राहिला. तिथे वर्षभर आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात आणि रोड्रिग्ज पूर्वेला आहे. म्हणजे जाताना समोरून वारा आणि येताना पाठीवर. जायला जास्त वेळ, यायला कमी, असंच असणार.

तिसरा कोन

वारा जाणूनबुजून बाजूला ठेवला होता, कारण तो स्वतंत्र विषय आहे आणि तुम्ही म्हणता तितका सरळ नाही.

आधी आकडे. समोरून २० नॉट वारा असेल तर जमिनीच्या हिशोबाने वेग २५० नॉट उरतो आणि ३२२ मैलांना ७७ मिनिटं लागतात. तोच वारा पाठीवर असेल तर २९० नॉट आणि ६७ मिनिटं. फरक दहा मिनिटांचा. वेळापत्रकात एवढी जागा ठेवलेली असते.

आता मुद्दा असा की व्यापारी वारा हा खालचा वारा आहे. समुद्रसपाटीपासून साधारण दोन-तीन किमी उंचीपर्यंत त्याचं राज्य. एटीआर पाच-साडेपाच किमीवर उडतं. तिथे हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्या जून ते सप्टेंबरात, वारा बऱ्याचदा पश्चिमेकडून असतो. म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं तर माड पश्चिमेला झुकलेले, आणि वर विमानाला जाताना पाठीवर वारा. खालच्या वाऱ्यावरून वरचा ठरवता येत नाही.

खालचा वारा महत्त्वाचा असतो तो उतरताना. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. प्लेन कोरायची धावपट्टी वायव्य-आग्नेय अशी आहे, व्यापारी वाऱ्याला बरोबर सामोरी. आखणाऱ्याने विचार करून आखली आहे. समोरून वारा असला की जमिनीशी वेग कमी होतो आणि आखूड धावपट्टीवर तेच हवं असतं.

वारापाणी

हे पटलं. मी होडीवाला माणूस, वारा म्हटलं की पाण्यावरचाच डोळ्यांसमोर येतो.

स्वरदा

अजून एक भाबडी शंका. वाटेत काही झालं तर? सहाशे किमी नुसता समुद्र, मध्ये एकही बेट नाही. आणि समजा रोड्रिग्जला पोचून खाली ढगच ढग असले तर?

तिसरा कोन

शंका भाबडी नाही, मला तर या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच वाटतो.

मुंबईत उतरता आलं नाही तर विमान अहमदाबादला नेतात, हैदराबादला नेतात, गोव्याला नेतात. रोड्रिग्जच्या आसपास दुसरा विमानतळच नाही. जवळचा म्हणजे जिथून निघालो तोच, ५९८ किमी मागे. म्हणून निघतानाच हिशोब असा करावा लागतो की तिथवर जाऊन, थोडा वेळ घिरट्या घालून, उतरता आलं नाही तर परत मॉरिशसला येता यावं आणि वर राखीव साठाही उरावा. म्हणजे दीड तासाच्या प्रवासाला तीन तासांहून जास्त पुरेल एवढं इंधन.

इंधनाला वजन असतं. आखूड धावपट्टीवर उतरताना आणि तिथून उडताना वजनाला मर्यादा असते. इंधन कमी करता येत नाही, प्रवासी तिकीट काढून बसलेले, मग उरलं काय? सामान. आता तुमच्या लक्षात येईल की या मार्गावर बॅगेच्या किलोंबाबत इतकी काटेकोर वागणूक का असते. त्यात कोणाचा आडमुठेपणा नाही, धावपट्टीची लांबी आणि परतीचं इंधन या दोन गोष्टींतून ते किलो ठरतात.

वाटेत काही झालं तर, याचंही गणित आधीच तयार असतं. एक असा बिंदू काढतात की जिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागेल. वारा नसेल तर तो बरोबर मध्यावर, २९९ किमीवर. पण जाताना समोरून २० नॉट वारा असेल तर परतीचा वेग २९० आणि पुढचा २५०. ५९८ ला २९० ने गुणून ५४० ने भागा : ३२१ किमी. म्हणजे अर्धं अंतर ओलांडून २२ किमी पुढे गेल्यावरही मागे फिरणंच लवकरचं ठरतं. नकाशावरचा मध्य आणि वेळेचा मध्य वेगवेगळे असतात, आणि वैमानिक वेळेचा मध्य बघतो. आमच्या काळी हे पट्टीवर काढायचो, आता संगणक काढतो, पण बिंदू तोच.

अभ्या_तळेगाव

काका, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. वाचनखूण साठवली.

आता माझं डिसेंबर-जानेवारीचं विचारतो. चक्रीवादळांचा मोसम असतो ना तेव्हा?

कात्र बोर्नची माई

हो, नोव्हेंबर ते मेचा मध्य हा मोसम, आणि जोर जानेवारी-फेब्रुवारी-मार्चमध्ये. इथे वादळाचे इशारे १ ते ४ अशा वर्गांत देतात. तिसरा वर्ग लागला की सगळं बंद : शाळा आधीच बंद झालेल्या असतात, मग बस, दुकानं, विमानतळ. रोड्रिग्जला इशारा वेगळा दिला जातो, मॉरिशसला वेगळा. हे नीट लक्षात घ्या. मॉरिशसवर लख्ख ऊन असेल आणि रोड्रिग्जला तिसरा वर्ग, किंवा नेमकं उलट. दोन्हीपैकी एक टोक बंद झालं तरी विमान नाही.

जानेवारी २०२४ मधलं बेलाल आठवतं. पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून गाड्या पाण्यावर तरंगत गेल्या, विमानतळ बंद. फेब्रुवारी २०१९ मध्ये गेलेना रोड्रिग्जजवळून गेलं तेव्हा बेटावरची बहुतेक वीज गेली होती. अशा वेळी पहिलं विमान सुटतं तेव्हा अडकलेल्यांची रांग मोठी असते, आणि एटीआरमध्ये माणसं किती मावणार, सत्तरच्या आसपास. तीनशे माणसांचं विमान रद्द झालं तर मोठ्या शहरातून दुसऱ्या दिवशी दुसरं मोठं विमान मिळतं. इथे तसं नाही. एक फेरी चुकली की मागची-पुढची सगळी गर्दी त्याच छोट्या विमानांवर येते.

म्हणून अभ्या, डिसेंबरच्या सुरुवातीला जमवा. जानेवारीच ठरली तर रोड्रिग्ज सहलीच्या आधी ठेवा, शेवटी ठेवू नका. अडकलात तर मॉरिशसचे दिवस कमी होतील, पण मुंबईचं विमान चुकणार नाही.

आणि केळशीकर, तुम्हालाही हेच सांगणं. ऑक्टोबर उत्तम महिना, वादळं नाहीत, पाऊस कमी. तरीही रोड्रिग्जहून आल्यावर एक रात्र मॉरिशसमध्ये काढाच. विमानतळाजवळ माहेबर्ग आहे, ब्लू बे आहे, राहायला साध्या-स्वच्छ जागा मिळतात. तुम्ही हॉटेलची एक रात्र वाचवायला निघालाय आणि पणाला लावताय मुंबईची तीन तिकिटं. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं थांबत नाही.

निळू फुलपाखरू

अवांतर, पण अंतर आणि वेळेचा विषय निघाला आहे आणि बेट रोड्रिग्ज आहे, तर हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. २७ ऑगस्ट १८८३ ला इंडोनेशियात क्राकाटोआ फुटला. त्याचा आवाज रोड्रिग्जवर ऐकू आला! अंतर साधारण ४,८०० किमी. तिथल्या जेम्स वॉलिस या पोलीस प्रमुखाने नोंद करून ठेवली की पूर्वेकडून लांबवर तोफा डागल्यासारखे आवाज येत होते. आवाजाला तिथे पोचायला जवळपास चार तास लागले. मुंबईहून मॉरिशसला जेवढं अंतर आहे साधारण तेवढंच अंतर आवाजाने कापलं, आणि तुमच्या विमानापेक्षा लवकर. मी भूगोल शिकवते, दरवर्षी मुलांना हे सांगते आणि दरवर्षी वर्ग चिडीचूप होतो.

स्वरदा

अंगावर काटा आला. बरं, बेटांमधल्या विमानफेऱ्यांमध्ये सर्वात छोटी कुठली? स्कॉटलंडमधली ना?

तिसरा कोन

हो. ऑर्कनी बेटांतली वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे. अंतर २.७ किमी, वेळापत्रकात दोन मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा. लोगनएअर १९६७ पासून चालवते. तिथेही वेळ वाऱ्यावरच.

केळशीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने लिहिलंत की बाबांना मोठ्या अक्षरात छापून दिलंय. तिसरा कोन यांचं ३२१ किमीचं गणित त्यांनी स्वतः वहीत मांडून पडताळलं आणि ‘माणूस बोटीवर असता तर चांगला कॅप्टन झाला असता’ असा शेरा दिला आहे.

त्याच रात्रीच्या विमानाचा बेत रद्द. माहेबर्गला एक रात्र ठेवतोय.

बाबांचा आणखी एक प्रश्न : रोड्रिग्जऐवजी रियुनियन केलं तर? ते तर जवळ आहे. आई म्हणते दोन्ही नकोत, मॉरिशसच नीट बघू. घरात मतदान चालू आहे.

कात्र बोर्नची माई

रियुनियन जवळ आहे हे खरं. तिथल्या रोलाँ गारोस विमानतळापर्यंत २३२ किमी, एटीआरने पाऊण तास. पण ते फ्रान्स आहे. उड्डाण अर्ध्या वेळाचं असलं तरी आंतरराष्ट्रीय, म्हणजे विमानतळावर लवकर जा, इमिग्रेशनच्या रांगा दोन्हीकडे, व्हिसाचे नियम वेगळे. रोड्रिग्ज मॉरिशसचाच भाग, वेगळा व्हिसा नाही, घड्याळही तेच. पासपोर्ट तेवढा जवळ ठेवा. घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा वेळ धरलात तर दोन्हीत फारसा फरक पडत नाही.

निसर्ग म्हणाल तर रियुनियन भव्य आहे, जिवंत ज्वालामुखी, तीन हजार मीटरचे डोंगर. पण चढउतार फार. आईंच्या गुडघ्यांना रोड्रिग्ज बरं. आणि तिथे जी शांतता आहे ती मॉरिशसमध्ये आता उरलेली नाही. चाळीस-पंचेचाळीस हजार वस्ती, पोर्ट मॅथुरिन हे मुख्य गाव अर्ध्या तासात पायी फिरून होतं. शनिवारचा बाजार चुकवू नका, पण पहाटे जा, नऊ-दहापर्यंत आवरतं सगळं.

घड्याळ तेच म्हणाले, त्यात एक गंमत आहे. बेट पूर्वेला असल्यामुळे सूर्य तिथे आपल्या आधी उगवतो आणि आधी मावळतो. किती आधी, ते काकांनी सांगावं. संध्याकाळी बस लवकर बंद होतात, त्यामुळे लांब कुठे गेलात तर परतीची सोय आधी करा.

तिसरा कोन

रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. ५.६८ गुणिले ४, साधारण २३ मिनिटं. 

वारापाणी

एक गोष्ट मनाला लागते. याच देशाचं अगालेगा नावाचं बेट आहे, मॉरिशसच्या उत्तरेला ११०० किमीवर. तिथे भारताच्या मदतीने ३,००० मीटरची धावपट्टी झाली, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन झालं. वस्ती काही शे माणसांची. आणि चाळीस हजारांवर माणसं असलेल्या रोड्रिग्जला अजून १,३०० मीटर. अगालेगाची धावपट्टी सागरी टेहळणीसाठी आहे हे कळतं, आणि तिथल्या लोकांनाही सोय हवीच होती. पण रोड्रिग्जच्या आजाऱ्याला मोठ्या इस्पितळात न्यायचं तर याच छोट्या विमानांचा आधार. त्यांचं कधी होणार?

कात्र बोर्नची माई

वारापाणी, तुम्ही नेमकं बोललात. इथे रोड्रिग्जच्या माणसांशी बोललं की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला धावपट्टी येतेच. २,००० मीटरपेक्षा लांब नवी धावपट्टी बांधण्याचा प्रकल्प आहे, जागतिक बँकेचं कर्ज आहे, युरोपीय संघाचीही मदत आहे. ती झाली की मध्यम आकाराची जेट उतरतील. मग तो पाऊण-सव्वा तासाचा आकडा खरा होईल, भाजीपाला-औषधं बोटीची वाट न बघता येतील, आजाऱ्याला स्ट्रेचरवरून नेणं सोपं होईल.

काही जणांना भीतीही वाटते. बेटाभोवतालचं खाजण बेटाच्या दुपटीहून मोठं आहे, त्यावर कितीतरी घरांची चूल चालते. ओहोटीला बायका गुडघाभर पाण्यात, हातात लांब सळी घेऊन ऑक्टोपस शोधत चालतात. ऑक्टोपस पुन्हा वाढावा म्हणून वर्षातले काही आठवडे सगळं बेट मिळून पकडणं बंद ठेवतं. एवढ्या जपलेल्या ठिकाणी रोज जेटभर पर्यटक आले तर काय होईल, हा प्रश्न खोटा नाही. माझं मत विचाराल तर धावपट्टी व्हावी. माणसाला दवाखान्यात पोचता आलं पाहिजे, बाकीचं त्यानंतर. किती पर्यटक घ्यायचे हे ठरवायला त्यांची स्वतःची विधानसभा आहे, २००२ पासून बेट स्वायत्त आहे.

केळशीकर

मतदान झालं. रोड्रिग्जच. आईनेही हात वर केला, मात्र एका अटीवर, विमानात चढायला मोठा जिना नको. एरोब्रिज असतो का तिथे? आणि बसायला कुठली बाजू चांगली?

कात्र बोर्नची माई

एरोब्रिज नाही, पण काळजी नको. एटीआरला मागच्या बाजूने चढतात, पुढच्या भागात सामान असतं. विमान जमिनीपासून बुटकं, आणि दार खाली उघडलं की तेच जिना होतं. पाच-सहा पायऱ्या, दोन्ही बाजूंना धरायला कठडा. पायऱ्या अरुंद आहेत, म्हणून आईंच्या हातात पिशवी देऊ नका, त्यांचे दोन्ही हात मोकळे असू द्यात. त्याही नको असतील तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची नोंद करा, ऐनवेळी सांगू नका. जागा मागच्या रांगांमधली मागा, म्हणजे आत फार चालावं लागणार नाही.

बाजू डावी. प्लेझाँसहून बहुतेक वेळा आग्नेयेला समुद्रावर उडतात आणि डावीकडे वळतात, तेव्हा माहेबर्गचा उपसागर, खाली इल ओ एग्रेत बेट आणि मागे सिंहाच्या आकाराचा डोंगर डावीकडेच दिसतो. पंख विमानाच्या वर असतात, त्यामुळे खिडकीतून खाली बघायला आडकाठी नाही. मग तासभर नुसतं निळं. उतरताना आधी खडकांवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ येते, रेघेच्या अलीकडे गडद निळा आणि पलीकडे एकदम फिकट हिरवा. बेट तेव्हाही डावीकडेच. बाबांना खिडकी द्या, आईंना कडेची जागा.

परतताना बॅगेत जागा ठेवा. तिथली लिंबं, मिरचीचं लोणचं आणि मध सगळेच आणतात. काचेच्या बरण्या केबिन बॅगेत घेऊ नका, तपासणीत काढून ठेवतील. आणि वजन घरूनच करून निघा. का, ते काकांनी वर सांगितलंच आहे.

अभ्या_तळेगाव

माई, रोड्रिग्जहून निघायच्या दिवशी अर्धा दिवस हातात असेल तर विमानतळाच्या जवळपास बघण्यासारखं काही?

कात्र बोर्नची माई

फ्रान्स्वा लेगा कासव उद्यान. विमानतळापासून गाडीने थोड्याच अंतरावर. मोठाली कासवं मोकळी फिरतात, गुहाही आहे. गुहेत पायऱ्या आहेत, केळशीकरांच्या आईंनी वरच थांबावं, कासवं वरच असतात. सकाळी लवकर जा, म्हणजे उन्हाच्या आधी होईल आणि विमानासाठी दोन तास आधी सहज पोचाल.